बसणाऱ्याच्या हाताशी खटका

आदिलाबाद,
८ डिसेंबर १९९६

गौरवग्रंथ समितीची आणि या ग्रंथाच्या वाचकांची मी आधी क्षमा मागते. श्री. सखाराम दुर्गे गुरुजींच्या एकसष्टीनिमित्त माझ्याकडे लेख मागितला गेला तो पोळ्याच्या सुमाराला. आता कापसाची दुसरी वेचणी झाली. मधल्या काळात समितीची पत्रं आली, निरोप आले. मी एकालाही उत्तर दिलं नाही. कामात होते असं सांगणं सोपं आहे, पण ते खरं नाही. लेख मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा फाडला. दोन्ही चांगले होते, गोड होते. ते लिहिताना आपण गुरुजींचा गौरव करण्यापेक्षा दुसऱ्याच कोणाची तरी सोय पाहतो आहोत, असं मला वाटत राहिलं. कोणाची, हे कळायला वेळ लागला.

हा तिसरा लेख रागाने लिहिला आहे. रागात लिहू नये, असं मी निबंधाच्या तासाला मुलींना सांगत आले. म्हणून प्रत्येक वाक्य झाल्यावर थांबून स्वतःला विचारलं, की हे खरं आहे, की मला नुसतं बोलून घ्यायचं आहे? जी वाक्यं खरी वाटली तेवढीच ठेवली. राग तरीही उरला, त्याला माझा इलाज नाही.

गुरुजी आमच्या सरकारी मराठी हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची चित्रं, स्नेहसंमेलनाचे पडदे, मुलींच्या शाळेसाठी त्यांनी गावोगाव केलेल्या खेपा, यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते जीपच्या सीटांबद्दल. गुरुजींच्या या कामाचा उल्लेख ग्रंथाच्या आराखड्यात फक्त 'इतर छंद' या शब्दांत आहे. त्याला छंद म्हणणाऱ्यांनी त्या सीटांवर बसून वर्षानुवर्षं लग्नांना, दवाखान्यांना आणि जत्रांना प्रवास केला आहे.

गुरुजींची आणि माझी पहिली ओळख झाली एका रविवारी, शाळेच्या मैदानावर. ब्याऐंशी साल असावं. दुसऱ्या दिवशी मी रुजू होणार होते, म्हणून शाळा बघायला आले होते. मैदानात चुन्याच्या रेघांनी एक लांबट चौकोन आखला होता. त्यात समोरासमोर दोन बाकं, पुढे दोन स्टुलं, आणि त्यांवर एक अख्खं कुटुंब बसलेलं. पितळेचा हंडा, वळकट्या, पत्र्याची पेटी, पानाचा डबा, सगळं मांडीवर आणि पायांत. एक उंच, काळे, शर्टाच्या बाह्या वर सारलेले गृहस्थ त्या चौकोनाभोवती फेऱ्या मारत ओरडत होते. मला वाटलं, नाटकाची तालीम आहे.

ते दुर्गे गुरुजी होते, आणि ती त्यांची काम करण्याची रीत होती. जैनथकडच्या एका गावचे भगवंतराव पाटील यांनी नुकतीच लांब बॉडीची जीप घेतली होती आणि तिच्या मागच्या भागात "जरा बऱ्या सीटा" बसवून पाहिजे होत्या. टेप घेऊन लोखंडाची मापं काढणारे गावात पुष्कळ होते. गुरुजी आधी जीपच्या आतल्या जागेएवढा चौकोन मैदानावर आखत आणि सगळ्या कुटुंबाला, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत, प्रवासाच्या सामानासकट त्यात बसायला लावत. सगळे आले नाहीत तर काम घेत नसत.

"रोज बसता तसे बसा," ते म्हणत होते. "मी इथं नाही असं समजा."

"तुमी इतले ओरडून राह्यले, नाही कसं समजावं?" भगवंतरावांच्या मातोश्री म्हणाल्या. सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते एका जागी बघत होते. भगवंतरावांच्या थोरल्या मुलाची नवी नवरी, शेवंता, बाकावर जागा असूनही दोन बाकांच्या मधल्या बोळात मातीवर बसली होती. पेटी मांडीवर, पदर पुढे, तोंड मागच्या दाराकडे.

"ही खाली काऊन बसली? तिकडे जागा आहे की!"

"जागा हाय गुरुजी," मातोश्री म्हणाल्या, "पन समोरासमोर हाय नं. सासऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसन का ते?"

भगवंतराव दुसरीकडे बघत होते. सुनेशी ते थेट बोलत नसत. या भागातल्या पुष्कळ घरांत सासरे बोलत नाहीत, मी स्वतः अशाच घरात आले. पण जीपमध्ये सून सामानाबरोबर फरशीवर बसते, ही गोष्ट मी कधी मोठ्याने कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. कंपन्यांनी मागच्या भागात दोन लांब बाकं समोरासमोर टाकून दिली, जशी शिपायांच्या गाडीत टाकतात, आणि आमच्या घरांनी त्यात आपली चाल बसवली. चाल बसली, सून खाली गेली. डांबरी रस्त्यावर ते कसंबसं चालतं. पैनगंगेकडच्या रस्त्यांवर फरशीवरच्या माणसाच्या पाठीचं काय होतं, ते मला माहीत आहे.

गुरुजी व्याख्यान देतील असं मला वाटलं. त्यांनी दिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पाटील, तुमची चाल बदलायला तुमची एक पिढी जाईल. सीट मी पुढच्या महिन्यात बदलतो." मग माझ्याकडे वळून, ओळख ना पाळख, "तुम्ही कोण? उभ्या काय, त्या मुलीच्या मांडीवरची पेटी घ्या जरा, मला तिचे पाय कुठं येतात ते बघायचंय."

आमची ओळख अशी झाली. मी पेटी घेतली. ती जड होती.

मापं घ्यायला गुरुजी नंतर भगवंतरावांच्या गावी गेले. गुरुजी बौद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. जीपचं दार उघडून ते आत शिरायला लागले तेव्हा भगवंतराव म्हणाले, "बाहेरूनच घ्या नं गुरुजी मापं, आत काऊन शिरता?" गुरुजी आत शिरले, भगवंतरावांच्या जागेवर टेकून बसले आणि म्हणाले, "गुडघा कुठं लागतो ते बाहेरून कसं दिसेल? चहा इथंच आणा." चहा आला. कप वेगळा होता. चहा पिऊन त्यांनी तो कप सीटवरच पालथा घातला आणि पुढची मापं घेतली. हे मला त्यांच्याबरोबर असलेल्या कय्यूमभाई वेल्डरांनी सांगितलं. मी गुरुजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चहा गोड होता." पुढे त्याच जीपमध्ये त्यांनी भगवंतरावांच्या मातोश्रींसाठी चढायची पायरी केली, ओढली की बाहेर येणारी, आणि त्यांच्या पानाच्या डब्यासाठी सीटच्या कडेला खण केला. म्हातारीने तो न मागता. मला त्यांच्या जागी हे जमलं नसतं, आणि जमायला हवं होतं का, याचंही उत्तर मला सापडलेलं नाही.

सीटा कशा होत्या ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन्ही लांब बाकं काढली. त्या जागी चार सुट्या सीटा, दोनामागे दोन, सगळ्यांची तोंडं पुढे. कोणाच्या गुडघ्याला कोणाचा गुडघा नाही, कोणाच्या नजरेसमोर कोणाचं तोंड नाही. सून सीटवर बसली आणि कोणाला काही बोलायला जागाच राहिली नाही. पुढच्या दोन सीटा पक्क्या, खाली पेट्या, त्यांत कपडे आणि भांडी. हंड्यासाठी कोपऱ्यात लोखंडी कडं. छताला जाळी, त्यात वळकट्या. "मांडीवर फक्त लेकरू," असा गुरुजींचा नियम होता. मांडीवर दुसरं काही दिसलं की ते चिडत आणि त्यासाठी आणखी एक खण काढत.

मागच्या दाराजवळच्या दोन सीटा घडीच्या. एका बाजूने भिंतीला बिजागरी, दुसऱ्या बाजूला एक पाय. पायाला खटका. खटका ओढला की पाय दुमडायचा, सीट भिंतीशी लोंबायची, आणि ज्वारीची पोती टाकायला जागा व्हायची. शेतकऱ्याच्या गाडीला हे पाहिजेच. पण तो खटका गुरुजींनी कुठे ठेवला? सीटच्या आतल्या अंगाला, बसणाऱ्याच्या उजव्या हाताखाली. दारातून हात घालून तो सापडत नसे. कय्यूमभाई गुरुजींना तेलुगू धाटणीत 'सारू' म्हणत. त्यांनी विचारलं होतं, "सारू, बाहर रखो ना, आसान पडता." गुरुजी म्हणाले होते, "आसान कोणाला? पोती आली की आधी कोणाला उठवतात, ते मी बघितलंय. ज्याचं बूड सीटवर, खटका त्याच्या हाताशी. उठायचं की नाही ते त्याने ठरवावं."

पुढच्या सात-आठ वर्षांत तलमडुगूपासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंत अशा कितीतरी जीपा झाल्या. प्रत्येक कुटुंब आधी मैदानात बसलं. कोणासाठी पाळणा अडकवायची आकडी, कोणासाठी पाय आखडलेल्या आजोबांना सरळ ठेवता येईल अशी जागा. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिला नागपूरला न्यायचं ठरलं, तेव्हा कय्यूमभाईंच्या आवारात दुसऱ्या कोणाची तयार होत असलेली जीप उभी होती. गुरुजींनी मालकाला बोलावून घेतलं, त्याच्यावर ओरडून परवानगी मिळवली आणि दुपारभरात घडीच्या सीटा आणि पेटीची झाकणं एका पातळीत येतील असं करून दिलं. आई नागपूरपर्यंत आडवी निजून गेली. परत आल्यावर मी आभार मानायला गेले तर माझ्यावरही ओरडले, "आभार काय मानता? वळणावर त्यांचं डोकं कुठं घसरत होतं ते सांगा!" मी सांगितलं. पुढच्या गाडीत तिथे उशीला आडवी पट्टी आली.

आता जे लिहू नका असं मला सांगितलं गेलं, ते लिहिते.

एक्याण्णवच्या लग्नसराईत भगवंतरावांच्या जीपमध्ये शेवंताबाईंची सीट चालत्या गाडीत कोसळली. त्यांनी आधाराला धरलेली कड आणि पुढची पेटी यांच्यामध्ये त्यांचं उजवं मनगट सापडलं. हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत. त्या आजही भाकरी डाव्या हाताने थापतात. दुसऱ्या दिवसापर्यंत साऱ्या बाजारात एकच वाक्य होतं, गुरुजीच्या सीटनं बाईचा हात गेला.

गुरुजी तातडीने बसने गेले, सीट बघायला. त्यांना वाड्याच्या फाटकातच अडवलं. आत जाऊ दिलं नाही. कोणीतरी म्हणालं, "आता काय मापं घ्यायले आले का?" गुरुजी परत आले. त्यानंतर मैदानात चुन्याचा चौकोन कधी आखला गेला नाही. लोकांनी जीपा आणणं बंद केलं म्हणून, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दोघे-तिघे आले होते, गुरुजींनीच त्यांना परत पाठवलं. कोणाशीही मोठ्या आवाजात न बोलणारे गुरुजी मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिले.

या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेले होते. ओसरीवर बसलो होतो. मध्येच म्हणाले, "बाई, लोखंडपण थकतं. माझाच खटका सुटला असेल." मी म्हटलं, तुम्ही पाहिलेलं नाही, मग कसं म्हणता? म्हणाले, "तेच तर. त्या पोरीचा हात मी मोडला की नाही, एवढं मला कोणी सांगितलं तर बरं होईल. मोडला असेल तर तसं सांगा. पण सांगा." पाच वर्षं हा माणूस हे घेऊन बसला होता. आणि मग म्हणाले, "भगवंतराव स्वतः सत्कार करतायत. म्हणजे त्यांच्या मनातून गेलं असेल. म्हणून मी हो म्हटलं."

वाचकांना माहीत नसेल तर सांगते, भगवंतराव पाटील या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले होते, लेखाची आठवण करायला. चहा घेतला, फार अदबीने बोलले.

"बाई, जुनं उकरून काऊन काढता? गुरुजींचा सत्कार होऊन राह्यला, चांगलं लिवा."

"चांगलंच लिहिते आहे."

"मंग ते सीटचं दोन ओळीत उरकून टाका. हात मोडल्याचं नको. आमी गुरुजींना माफ केलं नं कवाचंच."

मी त्यांचा रिकामा कप उचलला. त्यांना वाटलं मला पटलं. माफ केलं! हा शब्द ते घेऊन आले होते शाल आणि नारळाबरोबर व्यासपीठावर द्यायला. गुरुजी तो हात जोडून घेणार होते. भगवंतराव गेल्यावर मी दुसरा लेख फाडला.

पण राग म्हणजे पुरावा नव्हे. भगवंतराव चुकीचं बोलतात असं मला वाटत होतं; वाटण्यावर कोणाचं नाव छापता येत नाही. ज्यांचा हात गेला त्यांना कोणी विचारलं आहे का, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला. शेवंताबाईंची मुलगी आमच्या शाळेत आहे. पुढच्या पालकभेटीला त्या आल्या तेव्हा मी त्यांना शिक्षकांच्या खोलीत बसवलं आणि सरळ विचारलं.

त्या म्हणाल्या, "खटका कुटी होता गुरुजींचा? तो तं कवाच काढला होता."

"कोणी?"

"मामंजींनी. अपघाताच्या आधी वरीसभर. बाई, पोतं टाकाचं असलं का मले उठा लागे, खटका काढा लागे. म्हनजे मले सांगा लागे नं. मामंजी मायाशी बोलत नाहीत. मंग ते ड्रायव्हरले सांगत, ड्रायव्हर सासूबाईले सांगे, सासूबाई मले सांगत. तवरोक मी बसून राहो." इथे त्या हसल्या. "एकदा मी ऐकलंच नाही असं केलं. ऊन होतं, नाही उठलो. पोती बैलगाडीनं आली. त्याच्यानंतर मामंजींनी खटका दाराकडून लावून घेतला. बाहेरून हात घातला का सीट खाली. कोनाले बोलाचं काम नाही."

त्या दिवशी लग्नाच्या गाडीतही दाराशी ज्वारीचं पोतं टाकलं होतं. गाडी नाल्यात आदळली, पोतं सरकलं, आणि दाराकडच्या खटक्यावर टेकलं.

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?" मी विचारलं, आणि विचारतानाच वाटलं की हा प्रश्न मी चुकीच्या माणसाला विचारते आहे.

"मले कोनी इचारलं?" त्या म्हणाल्या. "नागपूरले डॉक्टर इचारे, कसं झालं, तं मामंजी सांगत."

तरीही लिहायच्या आधी मी थांबले. गेल्या रविवारी कय्यूमभाईंना घेऊन त्या गावी गेले. जीप आता चालत नाही, गोठ्यामागे उभी आहे, आत कोंबड्या बसतात. भगवंतराव घरी नव्हते. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या आवारात शिरावं का, याचा मी बसमध्ये विचार करत गेले. शेवंताबाई आणि त्यांच्या सासूबाई दोघींनी "या, बघा" म्हटलं, म्हणून शिरले. कय्यूमभाईंनी कोंबड्या हाकलल्या, सीट उचलली, आतल्या अंगाला बोट लावलं. "ये देखो बाई. मेरा खटका यहाँ था. दोनों छेद खुले हैं अभी तक." मग दाराकडची बाजू. "और ये वेल्डिंग मेरी नहीं. ये तो कोई भी करके गया." छिद्रं मी स्वतः पाहिली, बोट घालून पाहिली. सासूबाईंनी चहा दिला. निघताना त्यांनी माझ्या हातात हरभऱ्याची भाजी दिली.

तेव्हा हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते. ती सीट गुरुजींची राहिलेली नव्हती. तिच्यातला जो भाग बसणाऱ्याला सांभाळत होता, तोच काढून टाकलेला होता, आणि तो कशासाठी, तर सुनेला 'ऊठ' म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागू नये यासाठी. अशी चूक दुसऱ्या कोणत्या मुलखात होईल? एवढ्या कारणासाठी एका बाईची बोटं गेली आणि एका माणसाचं नाव गेलं. ज्यांनी हे केलं ते माफ करायला निघाले आहेत. भगवंतरावांनी हे दुष्टपणाने केलं असं मी म्हणत नाही. खटका हलवताना त्यांच्या मनात कोणाला इजा करायचं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण नंतरची पाच वर्षं? फाटकात उभ्या असलेल्या माणसाला आत घेऊन एकदा सीट दाखवली असती तर पुरे होतं. काय झालं आहे ते भगवंतरावांना पहिल्याच दिवशी माहीत होतं.

मागच्या वर्षी हैदराबादला भाच्याबरोबर मी नव्या मोटारींच्या दुकानात गेले होते. कुटुंबासाठी म्हणून नवी गाडी आली आहे, मागच्या सीटा घडीच्या, सामानाला हवी तशी जागा. विक्रेता मोठ्या उत्साहाने मागचं दार उघडून दाखवत होता, "देखिए मॅडम, बाहर से ही फोल्ड. अंदर वाले को तकलीफ ही नहीं." भाच्याला फार आवडलं. मी विचारलं, आत कोणी बसलेलं असेल तर? विक्रेता म्हणाला, "तब कौन फोल्ड करेगा मॅडम?" ज्या माणसाने हा प्रश्न चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मैदानात सोडवला, त्याच्या कामाला आम्ही 'इतर छंद' म्हणून एका ओळीत बसवलं आहे.

शेवंताबाईंचं नाव घालावं का, याचा मला फार विचार पडला. त्या त्याच घरात राहतात. मी त्यांना म्हटलं, नाव न घालताही लिहिता येईल, घरी तुम्हाला त्रास होईल.

"मामंजी मायाशी बोलतच नाहीत," त्या म्हणाल्या, "तं रागावतीन कसे?" आणि पुढे, "नाव घाला बाई. हात माया होता."

संपादकांना माझी विनंती आहे. हा लेख छापायचा तर असाच छापावा. शेवटचा भाग गाळून पहिला छापू नये. तेवढा छापला तर पाच वर्षांपूर्वी फाटकात जे झालं तेच पुन्हा, या वेळी शाल घालून, होईल. तसं करायचं असेल तर लेख परत द्यावा. मला वाईट वाटणार नाही. आणि समारंभात शेवंताबाईंना निमंत्रण असावं. त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे की त्या येणार आहेत आणि पुढच्या रांगेत, खुर्चीवर, बसणार आहेत. कोणी बोललं नाही तर त्या उठून बोलणार आहेत.

गुरुजींना मी काय शुभेच्छा देऊ? त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो, आणि ते दुखण्याविना मिळो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, कारण मैदानावर रेघा आखायला वाकावं लागतं. त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढो. आमच्या गावात तसं ओरडणारं माणूस दुसरं नाही, आणि ज्यांच्यावर ओरडायला हवं ते अजून भरपूर आहेत. त्यांना अजून पुष्कळ कुटुंबं त्या चौकोनात बसवायची आहेत, आणि त्यांपैकी एकही सून मातीवर बसू नये.

दिवसाच्या लिखाणाखाली उद्याचं काम लिहून ठेवायची मला सवय आहे. संपादकांनी हवं तर ते वगळावं.

उद्या: लेख समितीकडे देण्याआधी गुरुजींच्या घरी जाणे, आणि त्यांचा खटका सुटला नव्हता हे त्यांना सांगणे.